राक्षसाच्या पोरीचं पुढं काय झालं

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव कुठं असतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सात समुद्रांपलीकडं झाड, झाडाला पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. राजपुत्र जातो, पोपटाची मान मुरगळतो, राक्षस धाडकन पडतो आणि ऐकणारी पोरं टाळ्या वाजवतात. पण पोपट कुठं टांगलाय हे राजपुत्राला सांगतं कोण? राक्षसाची पोरगी सांगते. एवढं काम करून ती बिचारी गोष्टीतून जी नाहीशी होते, ती पुन्हा ना सांगणाऱ्याला आठवत, ना ऐकणाऱ्याला.

विजयमालाला मात्र ती आठवायची.

मारेगावच्या अलीकडं रस्त्याला लागून तिचं गाव. तिथं तुळसाबाईच्या ओट्यावर संध्याकाळी पोरं जमायची. तुळसाबाई दिवसभर शेतात तण काढायला, निंदणाला जाणारी बाई, पण गोष्ट सांगायला बसली की राणीसारखी बसायची. पदरात मुरमुरे, आणि जो मधे बोलेल त्याला मुरमुरे बंद. विजयमाला तेव्हा दहा वर्षांची. राक्षस पडला, टाळ्या झाल्या, आणि हिनं विचारलं, "मंग त्याच्या पोरीचं काय झालं, आजी?"

तुळसाबाईला कधी कोणी असं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "तिचं काय होते वं? राक्षसाचीच पोट्टी ते. बसली असन कुठी."

मागून कोणीतरी म्हणालं, "औषधाच्या दुकानात बसली असन!" आणि सगळी पोरं खिदळली. तुळसाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. विजयमाला मुरमुरे तिथंच ठेवून घरी गेली. लेकराचं मन मोडायला दगड लागत नाही, मोठ्या माणसाचं हसू पुरतं.

पोरं तसं म्हणाली याला कारण होतं. विजयमालाचा बाप अमरसिंग. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायच्या औषधांचं गावात त्याचं एकच दुकान, पोरांच्या लेखी विषाचं. त्याला शिंगं नव्हती, सुळे नव्हते. हसतमुख माणूस, आल्यागेल्याला चहा पाजणारा. बायको सुखीबाई तापानं गेली तेव्हा विजयमाला आठ वर्षांची. अमरसिंगनं दुसरं लग्न केलं नाही. लेकीची वेणी स्वतः घालायचा, वाकडी का होईना. तिला नावानं हाक मारायचा नाही, 'याडी' म्हणायचा. त्यांच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. आणि ती आठ वर्षांची याडी रोज सकाळी पाटावर उभी राहून बापाचा चहा करायची. राक्षस घरी येताना पोरीसाठी बांगड्या घेऊन येतो, हे गोष्टीत कोणी सांगत नाही. सांगितलं असतं तर पोरांनी टाळ्या वाजवल्या नसत्या.

दुकानामागच्या खोलीत एक निळा ड्रम होता. त्यात अमरसिंग दोन-दोन औषधं एकत्र ओतायचा, वर्ष उलटून गेलेलं उरलंसुरलंही ओतायचा आणि पऱ्हाटीच्या काडीनं ढवळायचा. मग ते थंड्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरायचं. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. गावात त्याला म्हणत 'अमरसिंगचा डबल'. लोक पिशवीत बाटली घालून यायचे आणि म्हणायचे, "देय भाऊ, डबल देय. सिंगलनं अळी मरून नाई राह्यली." खरंच मरत नव्हती. त्या वर्षांत अळी औषधाला हसायची. बियाणं महाग, औषध महाग, आणि बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी मजेत बसलेली. त्यात अमरसिंगचा डबल स्वस्त पडायचा. काय आहे त्यात, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं तोंड एकालाही नव्हतं असं नाही, गरज वाटली नाही.

बारावी सायन्स झाल्यावर विजयमाला दुकानात बसू लागली. ड्रममधून बाटल्या भरायचं काम तिचं. नाकाला ओढणी बांधायची आणि भरायचं. डब्यांवरचा लाल तिकोन तिला वाचता येत होता. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. प्रत्येक डब्यासोबत घडी घातलेला पातळ कागद यायचा, त्यावर औषधाचं नाव, किती पाण्यात किती, अंगात गेलं तर उतारा काय. अमरसिंग म्हणायचा, "चुलीत घाल ते." ती घालायची नाही. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. ज्या-ज्या डब्यांचं औषध ड्रममध्ये गेलं त्यांचे कागद ती बांगड्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. बापाला म्हणाली होती एकदा, "बा, हे बरोबर नाई."

"याडी, अळीले बरोबर चालते का? अळी मरून राह्यली ना? मंग."

तिथं ती गप्प बसली. हे लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर गप्प बसली आणि बाटल्या भरत राहिली.

मग ते साल आलं. पऱ्हाटी अशी वाढली की माणूस आत शिरला तर टोपी दिसायची नाही. पोळा होऊन गेलेला, ऊन असं की पाठ भाजावी. तुळसाबाईचा लेक धम्मदीप रोजानं फवारणीला जायचा. औषध झाडावर मारायचं म्हटलं तर झाड डोक्याच्या वर, सगळा फवारा तोंडावर परत. त्यात पंपाच्या नळीचं तोंड तुंबलं की ते काढून तोंडानं फुंकायचं. सगळेच फुंकतात. चुलीत फुंकावं तितक्या सहज. धम्मदीपनं त्या दिवशी चारदा फुंकलं. दुपार कलली तेव्हा तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "मले दोन-दोन बैल दिसून राह्यले." मग तोंडाला फेस. लोकांनी तांब्याभर दूध पाजलं, कारण विषावर दूध, हे सगळ्यांना पाठ. दूध तसंच बाहेर आलं. जीपमध्ये घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळसाबाई दुकानासमोर उभी राहिली. पायात चप्पल नव्हती. तशीच गाडीतून उतरून आलेली.

"अमरसिंग भाऊ, डॉक्टर म्हणते औषधाचं नाव पाह्यजे. चुकीचा उतारा दिला तर त्यानंच जाईन म्हणते पोरगा. त्या बाटलीत काय व्हतं, तेवढं नाव सांग. मी दुसरं काई बोलत नाई."

अमरसिंगनं खुर्ची पुढं केली. "मावशी, बसा. ते माह्या दुकानातलं नाईच."

"तुह्याच दुकानातलं. मीच आणलं व्हतं, माह्या हातानं."

"तोंडाले रुमाल बांधला व्हता का पोरानं? हातमोजे घातले व्हते का? आपली चूक आधी पाहा लागते, मावशी."

तुळसाबाईनं अमरसिंगकडं पाहणं सोडलं आणि आत बसलेल्या विजयमालाकडं पाहिलं. शिवी दिली नाही, हात जोडले नाहीत. नुसती पाहत राहिली. मग पाठ फिरवून परत रस्त्याला लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर अमरसिंगनं दुकानाची फळी ओढली आणि म्हणाला, "ड्रम धू. काडी जाळ. कागद-बिगद काही राह्यले असन तर तेबी जाळ."

विजयमालानं ड्रम आडवा केला, घासायला घेतला. अर्धा घासला. पाण्याचा फेस पाहून तिचा हात थांबला. ती उठली, हात तीनदा साबणानं धुतले, बांगड्यांची पेटी काढली. बांगड्या खाटेवर ओतल्या, कागद पिशवीत घातले. मागचं दार होतं, पण ती पुढच्या दारानं बाहेर पडली, बापाच्या समोरून.

"कुठी चालली, याडी?"

"यवतमाळले जाऊन राह्यली. नाव सांगाले."

अमरसिंग उभा राहिला. तिच्या हातातली पिशवी त्यानं पाहिली आणि त्याला सगळं कळलं. "मी कोणासाठी केलं हे सारं? सांग, कोणासाठी केलं? मले बेड्या पडतीन, समजते का तुले?"

"समजते."

"जाशीन तर या घरात पाय ठेवू नको."

तिला वाटलं होतं आपण रडू. रडू आलं नाही. काळीपिवळी जीप आली, ती बसली.

दवाखान्यात नुसत्या धम्मदीपची खाट नव्हती. ओळीनं खाटा, कितीतरी गावांची माणसं, डोळ्यांवर पट्ट्या. धम्मदीपची बायको दीपा जमिनीवर बसलेली. विजयमालाला पाहून ती ताडकन उठली.

"आता काय पाह्यले आली वं? मेला का जिता हाय, ते? जाय, सांग तुह्या बापाले, जिता हाय अजून!"

तुळसाबाईनं सुनेचा हात धरला. "बोलू दे तिले."

विजयमालानं पिशवीतले कागद डॉक्टरच्या टेबलावर पसरले. त्यातले तीन वेगळे काढले. "हे तीन व्हते त्याच्यात. माह्या बापानं मिसळले." मग थांबली. एवढं सांगून परत गेली असती तरी काम झालं असतं. पण ती म्हणाली, "अन् बाटलीत मी भरले."

सगळी खोली तिच्याकडं पाहत होती. डॉक्टरनं मान वर केली नाही. तो कागद वाचत होता, आणि वाचता-वाचताच त्यानं नर्सला हाक मारली.

धम्मदीप वाचला. पाचव्या दिवशी उठून बसला. डावा डोळा मात्र गढूळ पाण्यासारखा राहिला तो राहिलाच. त्याच ओळीतल्या कितीजणांच्या औषधाचं नाव सांगायला कोणी आलंच नाही, ते गेले. त्यांच्या बाटल्या कोणी भरल्या होत्या? त्यांना काय घरं नव्हती, लेकी नव्हत्या?

विजयमाला कागद दिले त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं गावात परत आली. बापानं दाराला आतून कडी घातली नव्हती.

मग साहेब लोक आले. थंड हवेच्या गाडीतून उतरले आणि पहिला प्रश्न काय? "मजुरांनी चष्मा घातला होता का?" अहो, त्या उन्हात, त्या पऱ्हाटीत, चष्मा-मोजे घालून अर्धा दिवस एकानं तरी पंप पाठीवर घेऊन दाखवावा! मग बोला. मोजे वाटले, मोजे वाटतानाचे फोटो काढले. मेलेल्यांची चूक झाली असं कागदावर लिहायला शाईही कमी लागते, मेलेला भांडायला येत नाही ना. विजयमालानं त्यांना आत नेऊन अर्धा घासलेला ड्रम दाखवला. अमरसिंगला पोलिसांनी नेलं, पुढं जामिनावर सोडलं, दुकानाला कुलूप लागलं.

आणि गाव? गावानं तिला डोक्यावर घेतलं असेल असं वाटतं ना? राम म्हणा. जे लोक कालपर्यंत तिला राक्षसाची पोट्टी म्हणत होते, तेच पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणू लागले, "बापाची नाई झाली ते कोणाची होईन?" म्हणजे बापाच्या बाजूनं उभी राहिली तर राक्षसीण, आणि नाही राहिली तर बेइमान! पोरीच्या जातीनं उभं राहायचं तरी कुठं, ते एकदा आखून द्या म्हणावं.

एकदा तुळसाबाईनं ते कानानं ऐकलं. ती पानठेल्यासमोर थांबली. "काय रे, बाटल्या घेऊन रांगेत कोण उभं राहे? मी व्हती. तुहा बाप व्हता. तूबी व्हता. 'डबल देय, डबल देय' कोण वरडे? तवा तिचा बाप गोड लागला, अन् आता पोट्टी कडू लागते का रे मेल्या?"

खर्रा घोटणारे हात थांबले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलणं सुरू झालं. लाज एका रात्रीत वाळते.

विजयमाला आता दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते. फवारणी असली की मजुरांकडून बाटली मागून घेते, चिठ्ठी वाचून दाखवते, चिठ्ठी नसली तर शिंपू देत नाही. लोक चिडतात. "बापानं इकलं अन् हे शिकवून राह्यली!" ती म्हणते, "म्हणूनच मले मालूम हाय," आणि नळीचं तोंड साफ करायला तार पुढं करते.

त्या साली कापूस वेचून झाल्यावर एका संध्याकाळी ती ओट्यासमोरून चालली होती. तुळसाबाईचा राक्षस नुकताच पडला होता. टाळ्या वाजल्या. धम्मदीपची धाकटी पोर तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. तिनं आजीला विचारलं, "अन् त्या पोरीचं काय झालं? तिनंच तं सांगतलं ना पोपटाचं?"

तुळसाबाईनं रस्त्याकडं पाहिलं. "विजू, इकडं ये वं. हे पोट्टी काय इचारते पाह्य. मले एकदा इचारलं व्हतं कोणीतरी, तवा मी येड्यावानी हसली व्हती. मले नाई मालूम. तूच सांग."

विजयमाला ओट्याजवळ आली. पोरं सरकली नाहीत, तुळसाबाईच सरकली. विजयमाला टेकली.

"काई नाई झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिले बापाचा चहा करा लागला."

पोरांना ते आवडलं नाही. "इतलंच?"

"इतलंच."

धम्मदीपची पोर विचार करत होती. "मंग राक्षस पेला का चहा?"

"पेला," विजयमाला म्हणाली. "पण थंडा झाल्यावर."

तुळसाबाईनं पदरातले मुरमुरे मुठीत घेतले आणि तिच्या हातावर ठेवले.