खंडेनवमीनंतरची थरथर

मी चौथीपर्यंत शिकलो, पण इंजिन मला लहानपणापासून कळतं. धायरीत आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. त्याचा आवाज बदलला की मी भरल्या ताटावरनं उठायचो. आता त्या जागी इमारत आहे, तिच्यातच आम्ही राहतो आणि खाली पार्किंगमध्ये आमची टर्बोवाली पेट्रोल गाडी उभी असते. ती चालवते सून. हडपसरला नोकरीला जाते. गाडी शिकून तिला वर्षही झालेलं नाही.

दसरा झाला आणि गाडी बिघडली. सिग्नलला उभी राहिली की अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची. चढावर दम टाकायची. समोर इंजिनचा पिवळा दिवा लागला तो विझेना. शनिवारी जेवताना पोरगा बायकोला म्हणाला, "तुला हाफ क्लचची सवय आहे. इंजिनची वाट लागली. सोमवारपासून तू बसने जा, गाडी मी वापरतो."

"क्लचने इंजिन थरथरत नाही," सून म्हणाली.

"मग कशाने थरथरतं?"

मीही बोललो, "गियर टाकायला उशीर करते ती. मी मागं बसून बघितलंय की."

सुनेनं किल्ली फ्रिजवर ठेवली आणि ताट उचललं. दोन बस बदलून हडपसर, परत येऊन नातवाला पाळणाघरातून आणायचं. असं करून नोकरी महिनाभर टिकली नसती. ते आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

पोरगा गॅरेजला फोन लावायला लागला. मी म्हणालो, "ठेव तो फोन. उद्या रविवार आहे, मी बघतो."

"आबा, ही टर्बो आहे. विहिरीवरचं इंजिन नाही."

"हवा खातं, तेल पितं, आवाज करतं. वेगळं काय हाय त्यात?"

सकाळी बॉनेट उघडलं. पोरानं स्टिअरिंगखाली बिघाड शोधायची एक डबी खोचली आणि मोबाईलवर वाचून सांगितलं, "मिक्स्चर लीन येतंय आबा. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतीये."

"मोबाईल आवाज ऐकतो का इंजिनचा? गप बस."

तेवढ्यात सून खाली आली आणि सरळ ड्रायव्हरच्या जागेवर बसली. "मीच मोडली ना? मग दुरुस्त होताना तरी बघू दे. सांगा आबा, कधी चालू करू?"

मला प्लगचा संशय होता. इंजिनला तीन सिलिंडर. प्रत्येकाच्या प्लगला ठिणगी देणारी एक कॉईल. गाडी बंद करून एका कॉईलची पिन काढायची, चालू करून ऐकायचं, बंद करून परत लावायची. जो सिलिंडर आधीच मेलेला असेल, त्याची पिन काढून आवाजात फरक पडत नाही. इथं तिन्ही वेळा गाडी आणखी धडधडली. म्हणजे तिन्ही राबत होते. माझा अंदाज चुकला. पोरगा गालात हसला.

मग मी भांड्याच्या साबणाचा फेस केला. गाडी चालू ठेवली आणि पंक्चर काढताना ट्यूबला पाणी लावतात तसा ब्रशनं नळ्यांना लावत गेलो. टर्बो हवा दाबून आत ढकलतो. कुठं फट असेल तर बुडबुडा येणार, असा माझा हिशोब. जाड नळी झाली, तिचे जोड झाले. बुडबुडा नाही. गुडघे दुखायला लागले.

मागच्या बाजूला एक बोटाएवढी बारीक नळी होती. तिच्या तोंडाला फेस लावला आणि बुडबुडा यायच्या ऐवजी फेसच आत गेला. सुर्रकन. इंजिननं क्षणभर आवाज बदलला. मी नळीच्या त्या फटीवर अंगठा दाबला, तशी थरथर थांबली.

"आबा!" सून आतून ओरडली. "काय केलंत? शांत झाली!"

गाडी जागेवर असताना टर्बो ढकलत नसतो, इंजिनच हवा ओढत असतं. फटीतून जादा हवा आत जात होती. मोबाईल खरं बोलत होता, हे मी पोराला तिथंच सांगितलं. त्यालाही आश्चर्य वाटलं असेल.

गाडी बंद करून नीट बघितलं. नळी तोंडाशी चिरली होती, अर्धी निसटली होती आणि तिच्या कमरेला सुतळीचा तुकडा. ती गाठ मी ओळखली. असली गाठ आमच्या मंडळीच, म्हणजे पोराची आईच मारते. म्हशीनं हिसका दिला तरी सुटत नाही.

मी वर बघून हाक मारली. मंडळी गॅलरीत आल्या.

"अगं, खंडेनवमीला इंजिनला काय बांधलंस?"

"झेंडूचा हार! पुढं जाळीला सगळेच घालत्यात. राबतंय ते आत. त्याला नको व्हय हार?"

"आणि काढला कुणी?"

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "मी. सुकला होता म्हणून ओढला."

"हळू ओढला का?"

"नाही."

हार तुटला, गाठ राहिली आणि नळी निसटली. सून स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती. मग डोकं वर करून नवऱ्याला म्हणाली, "हाफ क्लचने हार तुटतो का हो?"

तो नळीवरची सुतळी सोडवायला लागला. गियरवरनं मी बोललो होतो ते कुणी काढलं नाही. मी चिरलेलं टोक ब्लेडनं कापलं, नळी परत बसवली, वर क्लिप आवळली. दिवा पोरानं मोबाईलवरून घालवला. ते काम त्याचं.

सासऱ्यानं सुनेपुढं चुकलो म्हणायचं, हे मला जमत नाही. मी हात धुतले आणि तिच्या शेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. आजवर ती चालवत असताना मी मागंच बसायचो, दाराची मूठ धरून.

"चल, हडपसरपर्यंत जाऊन येऊ," मी म्हणालो. "उद्या तुलाच न्यायचीय."

सिग्नलला गाडी उभी राहिली. इंजिनच्या फेऱ्यांची सुई जागची हलली नाही. उड्डाणपुलाच्या चढावर तिनं पाय दिला तशी गाडी लोण्यासारखी वर गेली. माझा हात आपोआप गियरकडं गेला.

"आबा," सून रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "हात मांडीवर."

मी ठेवला.