पूजेची पहिली गाडी

चौडप्पा मशीनच्या अंगाला तळहात लावून उभा राहायचा. खडीच्या क्रशरवर कुणाचेच कान फार दिवस टिकत नाहीत, त्याचे तर कधीच गेले होते. हात मात्र शाबूत होता. डोळे मिटून तो लोखंडावर हात ठेवी आणि मग माझ्या खिडकीकडे तोंड करून ओरडे, "जास्त पळतंय! पीठ पडतंय, पीठ! उतरव थोडं." मी बटणांपुढे बसलेला असे. वेग उतरवी. तो पुन्हा हात ठेवी. मग चाळणीखालची मूठभर रेती ओली करून आवळी आणि सोडून देई. तळव्यावर राखेसारखा लेप राहिला की थुंके, म्हणे, "ही रेती नाही. हा दगडाचा मळ आहे."

नद्यांत वाळू उरली नाही म्हणून आमचं पोट चालतं. डोंगर फोडायचा, दगड जबड्यात भरडायचा, मग त्याची खडी उभ्या रोटरमध्ये टाकायची. रोटर जोरात फिरला तर पीठ होतं. हळू फिरला तर चपट्या, धारदार कपच्या पडतात. या दोन्हींच्या मध्ये एक अरुंद जागा आहे. रेती तिथं असते, आणि ती जागा रोज हलते. दगड बदलला, पाऊस पडला, पाती झिजली की कालचा वेग आज चालत नाही. चौडप्पाचं सगळं आयुष्य ती जागा चाचपण्यात गेलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. रोटरच्या पोटात भुकटीचा एक थर बसतो, घट्ट, जवळजवळ दगडच. आत येणारा दगड लोखंडावर आदळत नाही, त्या थरावर घासतो. म्हणून कण गोल निघतो. थर नसेल तर रोटर नुसता थरथरतो आणि काय वाटेल ते बाहेर फेकतो.

दसऱ्याच्या आयुधपूजेला आमचे मालक मुद्देगौडा तो थर खरवडून काढायला लावत. त्यांच्या वडिलांपासूनची रीत. "देवीला बसवायचं त्या जागी वर्षाची घाण कशी ठेवायची?" झाकण उघडायचं, छिन्नीनं सगळं पोट कोरायचं, पाण्यानं धुवायचं, चकचकीत लोखंडाला कुंकू लावायचं. नटबोल्टचे पाने, हातोडे देवीपुढे मांडायचे. ते दुसऱ्या दिवशी पहिली गाडी भरून गेल्याशिवाय उचलायचे नाहीत. ती पहिली गाडी शुभ. ती दरवर्षी देवळाच्या अंगणात पसरत. पायाखालची रेती कशी आहे हे कोण बघतो? चौडप्पा बघायचा. मला हळूच म्हणायचा, "देवीला चालते. तिला काय, छत घालायचं नाही."

त्याची एकुलती मुलगी नागवेणी खाली हळेपाळ्यात, रस्त्याला लागून राहायची. नवरा मुनिराजू टेम्पो चालवायचा. सासू, दोन पोरं, सगळे एका पत्र्याच्या खोलीत. त्या वर्षी शेजारी घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, स्लॅब तेवढा राहिला होता. वेणीनं गावभर सांगून ठेवलं होतं, माझ्या छताला अप्पाच्या हातची रेती. सासू तोंड वाकडं करून म्हणायची, "बापानं लग्नात काही घातलं नाही, आता रेती तरी घालू दे."

पूजेच्या दुसऱ्या सकाळी मशीनला झेंडूच्या माळा होत्या, केळीचे खुंट बांधलेले होते. कोहळा फोडला, कापूर लागला. मग मुद्देगौडा सगळ्यांसमोर चौडप्पाकडे वळले आणि त्याला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाले,

"चौडप्पा, देवळाचं अंगण पुष्कळ झालं. या वर्षीची पहिली गाडी तुझ्या वेणीच्या छताला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेणी, मुनिराजू, सासू नवे कपडे घालून आलेच होते. गौडांनी त्यांना आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. सासूनं पदर खोचला आणि रिकाम्या लॉरीलाच हात जोडले.

चौडप्पा हसला नाही. म्हणाला, "गौड्रे, दुसरी गाडी दिली तर?"

"दुसरी? का रे?"

"रोटर उघडा पडलाय. थर बसायला वेळ लागतो. आधी जरा तसाच फिरवू, पडेल ते ढिगावर टाकू, मग..."

"देवीच्या हातचं पहिलं ढिगावर टाकायचं?" गौडा रागावले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. "अरे, पोरीच्या घराला आशीर्वाद देतोय मी, आणि तू त्यात खडे शोधतोस?"

"खडेच आहेत ते, गौड्रे," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. भटजींनी घड्याळाकडे बघितलं. राहुकाळ लागायच्या आत गाडी हलायला हवी होती.

चौडप्पानं वेणीकडे बघितलं. ती सासूच्या शेजारी उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बरोबरीनं.

त्यानं मला हात केला. चालू कर.

मशीन फिरलं आणि माळा तुटून पडल्या. नेहमीच्या वेगाला नेताच सगळा सांगाडा हादरू लागला. त्यानं हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "उतरव." मी उतरवलं. "अजून." थरथर कमी झाली. लोखंड वाचलं. पट्ट्यावरून ज्या चपट्या कपच्या येऊ लागल्या त्या लांबूनही ओळखू येत होत्या. त्यानं मूठ भरून घेतली, आवळली. पण उघडली नाही. गाडी भरेपर्यंत मूठ तशीच होती.

स्लॅबच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्यानं वेणीला बाजूला घेतलं.

"अगं, ही नको वापरू. मी दुसरी आणतो. चार दिवस थांब."

"आज माणसं आलीत, मिक्सर आलाय. सासूनं गावाला जेवण सांगितलंय." ती हळू बोलत होती, त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून शेवटी त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "अप्पा, तुझ्याच हातची आहे ना? मग?"

तो पायरीकडे वळला.

अंजिनप्पा मेस्त्री मिक्सरपाशी कुरकुरत होता. "ही रेती आहे की म्हैस? किती पाणी पितेय!" माल सरकेना म्हणून त्यानं पाणी ओतलं, आणि ओतत राहिला. जास्त पाण्यानं स्लॅब कच्चा राहतो. खाली बायका गाणी म्हणत होत्या. चौडप्पा पायरीवर बसून तळहात धोतराला पुसत होता.

सेंट्रिंग काढलं तेव्हा स्लॅब पडला नाही. पडला असता तर बरं, असं मला नंतर वाटलं. तो मधोमध पोटासारखा खाली आला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भेगा गेल्या. अंजिनप्पानं वर बघितलं आणि काढलेले निलगिरीचे वासे एकेक करून पुन्हा खाली लावले. "फोडायला हवा," तो म्हणाला. फोडून पुन्हा घालायची ऐपत त्या घरात कुणाचीच नव्हती.

पत्र्याची खोली मोडून तिचे पत्रे विकून झाले होते. वेणी त्या टेकूंच्या रानात राहायला गेली. वाश्यांना दोऱ्या बांधून ती कपडे वाळत घालते. सासू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "हिच्या बापानं देवीची रेती बाटवली." वेणी काही म्हणत नाही. बापालाही नाही. ती बोलली असती तर त्यानं ते सहन केलं असतं का, मला माहीत नाही. हे मात्र त्याला सहन होत नाही.

रोटरमधला थर पुन्हा बसला. आमची रेती आता फार चांगली निघते. बंगळूरचे लोक तीच मागतात. चौडप्पा मूठ उघडतो, तळवा कोरडा, स्वच्छ असतो. तो ती रेती खाली टाकतो आणि हात झटकतो, जणू काही चिकटलंय. पुढच्या पूजेला रोटर खरवडायला त्यानं नकार दिला. दुसऱ्यानं खरवडला. पहिली गाडी देवळात गेली.

मुलीकडे गेला की तो पायरीवरच बसतो. वेणी मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि सार बाहेर आणून देते. परवा मी बरोबर होतो. पाऊस आडवा येऊ लागला.

"अप्पा, आत ये ना. भिजशील."

तिची खूण बघून तो उठला, उंबऱ्याच्या आत गेला आणि पहिल्याच वाश्याला सवयीनं तळहात लावून उभा राहिला. डोळे मिटले. तेवढ्यात रस्त्यानं आमच्याच क्रशरची भरलेली लॉरी गेली, मागोमाग दुसरी. वासा त्याच्या हाताखाली थरथरला.

त्यानं सवयीनं माझ्याकडे तोंड वळवलं. "उतरव" म्हणायला ओठ हलले. मग हात काढून घेतला आणि पावसात बाहेर येऊन बसला.