सालाखाली तारा असलेला रुपया

आमच्या एका विमा पॉलिसीची मुदत संपून पंधरा हजार हातात आले, तेव्हा मी बायकोला सांगितलं, या पैशांची मी नाणी घेणार आहे.

"पैसे देऊन पैसे घेणार?" ती म्हणाली.

मी तिला समजावलं. टांकसाळ एखाद्या साली एखादं नाणं फार थोडं पाडते. थोडं पाडलेलं पुढे दुर्मिळ होतं आणि दुर्मिळ ते महाग. मोबाइलवरच्या नाणी जमवणाऱ्यांच्या एका समूहात मी हे वाचलं होतं आणि मला ते त्रैराशिकाइतकं सरळ वाटलं होतं. माझी पंचवीस वर्षं कारखान्याच्या लेखा विभागात गेली आहेत. आकडे मला फसवत नाहीत, असं मी घरात अधूनमधून बोलूनही दाखवत असे.

म्हणून बायकोने अट घातली. "दुसरी पॉलिसी पाच वर्षांनी येईल. तोवर तुमची नाणी घातलेल्या पैशांपेक्षा एक रुपया जरी वर गेली, तर ते पैसेही तुमचे. नाही तर मला स्कूटर."

ती शाळेत शिकवते. मदन महालच्या आमच्या गल्लीपासून शाळेपर्यंत जायला तिला रोज ऑटोची वाट पाहावी लागे. माझा स्कूटरला विरोध नव्हता, फक्त तेवढ्या पैशांत आणखी किती नाणी येतील ते मला दिसत होतं.

टांकसाळीने काढलेल्या स्मारक-नाण्यांचे चार डबे मी तेरा हजार शंभर रुपयांना मागवले. उरलेल्या पैशांसाठी मला ग्वारीघाट सापडला. घाटावर येणारा प्रत्येक जण नर्मदेत नाणं टाकतो, पण खिशात सुटं कोणाच्याच नसतं. म्हणून पायऱ्यांवर एक बाई चिल्लर विकत बसते. दहाची नोट दिली की नऊ रुपये सुटे. मागे नदीत काही लोक दोरीला चुंबक बांधून तीच नाणी वर काढत असतात आणि दिवस संपता संपता ती पुन्हा बाईकडे येतात. म्हणजे सगळ्या शहराची चिल्लर त्या एका टोपलीतून जाते. मला हवा होता एका ठरावीक सालाचा एक रुपया, सालाखाली बारीक तारा असलेला. समूहावर सगळे म्हणत होते की तो फार थोडा पाडलाय. साल इथे लिहीत नाही. उगाच तुम्हीही शोधायला लागाल.

दर रविवारी सकाळी शंभर रुपये देऊन नव्वद नाणी घ्यायची, पायरीवर बसून भिंगातून पाहायची, ताऱ्यावाली वरच्या खिशात टाकायची, बाकीची किराण्याला. एकही रविवार न चुकवता वर्षभरात एकतीस सापडली.

"काहून डोळे फोडून घेऊन राहिले तुम्ही?" बायको म्हणायची. "देवदर्शनाला जाता की मोजदादीला?"

दुसऱ्या वर्षी चिल्लरवाल्या बाईच्या लक्षात आलं. "भैयाजी," ती म्हणाली, "आपके तारेवाले अलग रख दिए हैं. पाँच-पाँच रुपये."

एका रुपयाला पाच रुपये! पण मी हिशोब केला. वर्षभराचं तिचं कमिशन पाचशे वीस झालं होतं, म्हणजे एकेक नाणं मला पावणेअठराला पडलं होतं. पाच म्हणजे स्वस्तच की. पाचाच्या भावाने मी शहाण्णव घेतली. मग एका रविवारी ती म्हणाली, "अब दस."

"पाँच में तो मिलता था?"

"भाव चढ़ गया, भैयाजी."

भाव चढला, हे ऐकून मला आनंदच झाला. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "बघ, दुप्पट झाली." दहाच्या भावाने आणखी पंच्याऐंशी घेतली. एकूण दोनशे बारा.

पाच वर्षं सरली, दुसरी पॉलिसी आली. मी सगळं पिशवीत घालून सदरच्या बाजारात गेलो. तिथे एक दुकानदार घड्याळं दुरुस्त करतो आणि जुनी नाणी घेतो-विकतो. त्याने चारही डबे उघडून पाहिले आणि तेरा हजार म्हणाला. शंभराचा तोटा. म्हणजे सगळी मदार आता ताऱ्यांवर. ती नाणी मी त्याच्या काचेवर ओतली.

"दो सौ बारह रुपये," तो न मोजताच माझ्या चिठ्ठीवरचा आकडा वाचून म्हणाला.

"अहो, ये तो कम छपा है!"

"कम छपा है, ये सबको मालूम है. इसीलिए किसी ने खर्च नहीं किया, सबने डिब्बे में रख लिया. महँगा वो होता है, साहब, जो खो जाए. ये तो खोया ही नहीं."

मी नाणी पुन्हा पिशवीत भरू लागलो. तेव्हा तो माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "वैसे एक बात बताऊँ? ग्वारीघाट पर कोई बड़ा व्यापारी है. दस-दस में उठा रहा है. चश्मा लगाता है, हर इतवार आता है. उसको पकड़ो."

मी चष्मा काढून रुमालाने पुसू लागलो.

परतीच्या ऑटोत मी आकडे मांडले. माझी गुंतवणूक चौदा हजार नऊशे एक्क्याऐंशी. नाणी दुकानदाराच्या भावाने धरली तर हातात तेरा हजार दोनशे बारा. घाटाच्या भावाने धरली तर पंधरा हजार एकशे वीस, म्हणजे एकशे एकोणचाळीस रुपये नफा. अटीत एक रुपया पुरेसा होता. आणि घाटाचा भाव खोटा नव्हता; खुद्द सदरच्या दुकानदाराने तो सांगितला होता.

घरी बायको पोळ्या लाटत होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"दुकानात एक रुपयाच देतात. घाटावर दहाला जातात."

"अच्छा? दहाला कोण घेऊन राहिलं?"

"आहे एक जण."

"कोण?"

चष्मा अजून माझ्या हातातच होता. "मी," मी म्हणालो.

तिने लाटणं खाली ठेवलं आणि ती इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. "म्हणजे पाच वर्षं तुम्हीच भाव चढवला आणि तुम्हीच खूश झाले!" शेजारणीला हाक मारून तिने ते पुन्हा सांगितलं. मग डोळे पुसत मला म्हणाली, "मला निळी पाहिजे."

निळी स्कूटर पंधरा दिवसांत आली. ती चालवायला बायको शेजारणीच्या गाडीवर कधीच शिकून बसली होती, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या रविवारी तिने मला मागे बसवून ग्वारीघाटाला नेलं. मला चिल्लरवालीला सांगायचं होतं की आता बंद.

बाई माझी वाटच पाहत होती. "भैयाजी, सदर से एक दुकानवाले आए थे. बोले, चश्मेवाले व्यापारी आएँ तो कहना, मेरे पास साठ रखे हैं, नौ-नौ में दे दूँगा."

मला एक रुपया देऊ करणारा माणूस मलाच नऊला विकायला निघाला होता! मी तिला सांगितलं की व्यापारी वगैरे कोणी नाही, मीच आहे आणि मी थांबलो. तिने पदराखालून पुरचुंडी काढली. माझ्यासाठी तेवीस बाजूला ठेवली होती. माझ्याच भरवशावर ठेवली होती, तेव्हा तिचं नुकसान करणं बरं नव्हतं. दर नाण्यामागे रुपयावरचे नऊ, असे दोनशे सात रुपये मी तिच्या हातावर ठेवले आणि नाणी तिच्याकडेच राहू दिली.

"पैसे दिए और सिक्के छोड़ दिए?" तिने शेजारच्या फुलवाल्याकडे पाहिलं. मग खांदे उडवून तिने पुरचुंडी टोपलीत रिकामी केली आणि नाणी हाताने सारखी केली. तेवढ्यात एका कुटुंबाने वीसची नोट पुढे केली. तिने मुठीने अठरा नाणी मोजून दिली. त्यांत किमान दोन तारे मला स्पष्ट दिसले. ते लोक हात जोडून पाण्याकडे निघाले आणि मी दोन पायऱ्या त्यांच्यामागे उतरलोसुद्धा.

वरून हॉर्न वाजला.

"अहो, येता का," बायको ओरडली, "की ऑटोने याल?"

मी पायऱ्या चढून तिच्या मागे जाऊन बसलो.