पडद्यामागचा पाव तास

सकाळची घाई. पोस्टमनकाका गालाला साबण फासून आरशासमोर उभे, काकू डबा भरता भरता पुटपुटताहेत, तोच दारावर थाप पडली. दारात प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई.

"अहो, तुमच्या बाई आल्यात!" काकूंचा चेहरा खुलला.

मागे दोन महिने काका त्या प्रयोगशाळेत पडून होते. पलंग डोक्याकडे उतरता, पाय वर. अंतराळात पायांवर शरीराचा भार येत नाही, म्हणून पोटऱ्या वाळतात, हाडं झिजतात. तेच जमिनीवर घडवून मोजायचं होतं. जेवण, अंघोळ, सगळं आडव्यानेच. उठून बसायचीही मनाई. तेव्हापासून गल्ली त्यांना 'अंतराळवीर' म्हणे आणि काकू ते मिरवत.

"काका, बाकीच्यांच्या पोटऱ्या वाळल्या, तुमच्या होत्या तशाच!" बाई म्हणाल्या. "दुधातून स्नायू टिकवायची भुकटी दिलेल्या गटाची सरासरी तुमच्यामुळेच वर गेली. आता अंतराळात जाणाऱ्यांचा रोजचा व्यायाम कमी केला तरी चालेल, असं लिहितोय आम्ही."

"पडून राहण्यात यांचा हात कोण धरणार!" काकू हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

काकांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता.

"बाई, भुकटीचं काही नाही त्यात." आवाज अगदी खाली गेला. "शौचाचं भांडं दिलं की तुमचा माणूस पडदा ओढून घ्यायचा. आडव्यानं मला होईना. लाज वाटायची हो. म्हणून उठलो. पाय जमिनीला टेकले आणि इतकं बरं वाटलं... मग रोजच. पाव पाव तास टाचा उचलत उभा राहायचो. तो बिचारा बाहेरून विचारायचा, 'काका, अजून नाही झालं? औषध आणू का?'"

बाई हसल्या नाहीत. "साठही दिवस?"

"साठही."

"आणि एकदाही उठलो नाही, अशी शेवटी सही केलीत."

"केली."

स्वयंपाकघराच्या दारात काकू कपबश्या घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांनी चहा टेबलावर ठेवला नि खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं. अर्धा गाल दाढीचाच राहिला होता.

"बाई, एवढंच करा," ते म्हणाले. "माझे आकडे त्यातून काढून टाका."