थिनररावांच्या खिशातलं झाकण

मेहुणेबुवा,

पाठीमागे आम्ही दोघी बहिणी तुम्हाला थिनरराव म्हणतो. आता तोंडावरच म्हणते, लपवाछपवी नको. तुम्ही म्हणाल, ताईंना फोन करता येत नव्हता का? येतो. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा बसा आणि वाचा.

रंगाच्या दुकानात तुमचा जन्म गेला. मिसरूड फुटायच्या आत डबे उचलायला लागलात आणि केस पिकल्यावर गल्ल्यामागच्या खुर्चीवरून उठलात. एवढ्या काळात काय शिकलात? तर डब्यात किंवा बाटलीत जे येतं ते घट्टच असतं, त्यात थिनरसारखं काहीतरी पातळ घालूनच वापरायचं. आणि झाकण दिसलं की खाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं, काम झालं की वरून बुक्की मारून बसवायचं. रंगाच्या डब्याला हे शोभतं. तुम्ही ते साऱ्या जगाला लावलंत. शाम्पूत पाणी, शाईत पाणी, खोकल्याच्या औषधातसुद्धा पाणी! मधाच्या बरणीचं झाकण तुमच्या घरी जसं पोचे पडून बसलंय, तसं मी दुसऱ्या कुठल्या घरी पाहिलेलं नाही.

शिवाय गिऱ्हाइकाचा पाणउतारा करण्यात तुम्ही पटाईत. एकदा मी दुकानात उभी असताना एक बाई झाकण मोडलेला डबा घेऊन आल्या. तुम्ही तो डबा डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवलात. "बघा, बघा! डबा उघडता येत नाही आणि घर रंगवायला निघाल्यात!" सगळं दुकान फिदीफिदी हसलं. बाई डबा तिथेच टाकून निघून गेल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंग जुळवण्यात मात्र तुमचा हात कुणी धरला नसता. चिंधी दाखवली की नुसत्या नजरेनं तस्साच रंग कालवून द्यायचात. माझी धाकटी याच गुणावर भाळली. ती भरतकाम करणारी. तिच्याजवळचा निळा रेशमी धागा संपला होता, त्याची नेमकी छटा कुठे मिळेना, ती तुम्ही ओळखलीत. एका निळ्या धाग्यावर पोरीनं जन्म बांधून घेतला! मी तेव्हाच म्हटलं होतं, "अगं, रंग कळतो म्हणजे माणूस कळतो असं नाही." पण थोरल्या बहिणीचं ऐकलं तर ती धाकटी कसली?

तर ते भरतकाम. धाकटीच्या हातांना साबण सोसत नाही. बोटांना भेगा पडतात आणि भेगांत रेशीम अडकतं. त्वचेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एक तर भांडी घासा, नाहीतर सुई धरा. म्हणून डिशवॉशर आलं. ते आलं त्या दिवशी मी तिथेच होते. तुम्ही माहितीपुस्तिका न उघडता कपाटावर भिरकावलीत आणि मला म्हणालात, "ताई, पुस्तकं तुम्ही वाचा. यंत्रं आम्हाला कळतात."

काय कळलं ते सांगते. दाराच्या आतल्या अंगाला, साबणाच्या कप्प्याशेजारी एक छोटा कप्पा असतो. त्यात रिन्स एड भरायचं. शेवटच्या विसळणीला यंत्र त्यातलं चमचाभरच सोडतं, मग पाणी भांड्यांवर थेंब धरून बसत नाही, निथळून जातं, आणि ग्लास लख्ख निघतात. कप्प्याचं झाकण थोडं फिरवलं की उघडतं, उलट फिरवलं की टक् करून बसतं. शेंबड्या पोरालाही जमावं. तुम्ही त्याखाली स्क्रू ड्रायव्हर घातलात. एका बाटलीत पाणी घालून तिच्या तीन केल्यात. वर बुक्की हाणलीत.

ग्लासांवर पांढरे ठिपके उमटले. "यंत्र नवीन आहे, रुळेल," तुम्ही म्हणालात. रुळलं नाही, तेव्हा रिन्स एड किती सोडायचं ते ठरवणारी कप्प्यातली खूण सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलीत. कप्पा रिकामा झाल्याचा दिवा लागायला लागला. तुम्ही काय केलंत? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलीत! आणि ठिपक्यांचं खापर फुटलं ते धाकटीच्या डोक्यावर. "तू ग्लास वाकडे लावतेस."

"अहो, सरळच लावते."

"मग जास्त सरळ लावत असशील."

यावर काय बोलावं माणसानं? ती आधी ग्लास पुसायला लागली, मग हातानंच विसळायला. मग तुम्ही कहर केलात. बाटली संपली म्हणून कप्प्यात भांडी घासायचा साबण ओतलात. घोटाभर फेस स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत आला. मी दार ढकलून आत आले तर तुम्ही पाय वर घेऊन खुर्चीवर, "बंद कर, अगं बंद कर!" म्हणून ओरडताय आणि धाकटी त्याच फेसात कोपरापर्यंत हात घालून फरशी पुसतेय. त्याच हातांनी. मी तिला उठवलं आणि फडकं तुमच्या मांडीवर टाकलं.

मग कपाटावरून पुस्तिका काढली, चष्मा चढवला, कप्पा उपसून कोरडा केला. झाकण फिरवून पाहिलं तर ते नुसतं गरगरा फिरत होतं. अडकवायचा दात मोडलेला, रबराची कडी फाटलेली. म्हणजे कप्प्यात काहीही भरा, पहिल्याच पाण्याबरोबर वाहून जाणार, विसळणीला उरणार शून्य.

"हे कुणी उचकटलं?"

"तसंच आलं होतं."

"स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा घेऊन?"

तुम्ही भिंतीकडे बघत राहिलात. भिंतीचा रंगही तुमच्याच दुकानातला, कुणीही न नेलेला.

एवढंसं झाकण बदललं की झालं, बाकी यंत्र धडधाकट होतं. मी तिथूनच सुट्या भागांच्या ओळखीच्या दुकानाला फोन केला. दुकानदार म्हणाला, काढून ठेवतो, पण मापाला जुनं घेऊन या. मी जायला निघाले तर तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत. "माझं यंत्र आहे, मी आणतो." शर्टाच्या खिशात टाकलंत आणि खिशावर हात थोपटलात, जणू मोठा हिराच ठेवलाय!

मग सुरू झालं. आज दुकान बंद असेल. आज गुडघा दुखतो. सायकलच्या ट्यूबची कडी कापून बसवतो, कशाला हवं नवं? ती कडीही बसवून पाहिलीत, फेसाऐवजी गळती झाली. तोवर भांडी कोण घासत होतं? एका नवरीच्या शुभ्र रेशमी शालीवर धाकटी वेल भरत होती. बोटाच्या भेगेतलं रक्त शालीवर पडलं. ती तो ठिपका बघत बसली आणि तुम्ही तिच्या खांद्यावरून वाकून म्हणालात, "थोडं थिनर लाव, निघेल."

ती भांडली नाही. भरतकामाची चौकट चादरीत गुंडाळली, सुयांचा डबा घेतला आणि म्हणाली, "झाकण लागलं की मी येते. तोवर ताईकडे आहे." बस. एवढंच करायचं होतं तुम्हाला.

माझ्याकडे यंत्र नाही. भांडी मी घासते. माझी कातडी जिभेसारखीच राठ आहे, तिला काही होत नाही. धाकटीची बोटं भरून आली आहेत. शालीचा तो ठिपका तिनं एका पानाखाली दडवला.

आज सकाळी त्या सुट्या भागांच्या दुकानावरून जात होते. दुकानदारानं हाक मारली. "बाई, झाकण बाजूला काढून ठेवलंय. पण एक गृहस्थ समोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहतात. खिसा चाचपतात. आत गिऱ्हाईक दिसलं की वळून चालायला लागतात. तुमच्याकडून जुनं घेऊन यायचे होते ते तेच का?"

तेच, म्हटलं. थिनरराव, तो तुमचं झाकण डोक्यावर धरून कुणाला दाखवणार नाही हो. गिऱ्हाइकाचं हसं करायची खोड तुमची, त्याची नव्हे. पण तुम्हाला साऱ्या दुनियेत आपलाच गल्ला दिसतो, आणि त्या भीतीपायी तुम्ही बायकोला माझ्या घरी बसवलंय.

त्यानं झाकणाची पुडी पुढे केली. "मग तुम्हीच नेता का?"

नेली असती तर धाकटी आज रात्री तुमच्या घरी असती. मी म्हटलं, "राहू द्या. ते येतील."

त्यानं पुडी परत काचेमागे ठेवली.