फक्त कुंपणावर

१२ जानेवारी २०१९. ही तारीख कोपऱ्यात उमटलेला एक फोटो उपलब्ध आहे. विहिरीच्या काठावर पंपाचे जुने इंजिन, जाड पाईपातून पडणारे पाणी आणि इंजिनाशेजारी बाह्या दुमडून उभी असलेली पन्नाशीची एक बाई. पाणी पडत होते, एवढे निर्विवाद. इंजिन मोगली एरंडाच्या तेलावर चालले होते की डिझेलवर, हे फोटो सांगू शकत नाही. हजर असलेले सगळे तेल म्हणतात. बाईचा दीर तेवढा डिझेल म्हणतो. पण दिराच्या मते त्याचा कोंबडा आरवला नाही तर सूर्यही उगवत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्या बाईला सगळे रोपवाली म्हणत. नवरा होता तोवर दोघांनी मिळून रोपवाटिका चालवली, पुढे तिने एकटीने. पत्र्याच्या शेडखाली माती चाळायची, पिशव्या भरायच्या, उन्हाचा कोन बदलला की रोपांच्या ओळी सरकवायच्या. काम चोख होते. नाव मात्र खराब झाले होते, आणि त्याचे कारण जुने होते.

फोटोच्या सुमारे बारा वर्षे आधी एक योजना आली होती. मोगली एरंड हे झुडूप हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर तगते आणि त्याच्या बियांच्या तेलावर इंजिने चालतात. तेव्हा लहान शेतकऱ्याने ते लावावे आणि निवांत बसावे, असे योजनेचे सांगणे होते. तगण्याचा भाग खरा होता. निवांत बसण्याचा खोटा निघाला. पाण्याशिवाय झुडूप जगते, पण बी फार धरत नाही. शेंगाही एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर एक हिरवी, एक पिवळी, एक काळी. तोडणीला पुन्हा पुन्हा जावे लागते. लोकांनी घेवडा मोडून चांगल्या जमिनीत ही झुडपे लावली, काही वर्षे वाट पाहिली आणि मग चिडून उपटली. रोपे दारोदार वाटली होती रोपवालीने. ‘रोपवालीने शेत खाल्लं’ हे बोलणे तिथे म्हणीसारखे रुळले, ते तेव्हापासून.

एवढे झाल्यावर ती पुन्हा त्याच झुडपाकडे का वळली, याचे तिने दिलेले उत्तर छोटे आहे: “शेळ्यांमुळे.” जनावरे मोगली एरंडाच्या पानाला तोंड लावत नाहीत. शेतातली झुडपे गेली, पण उरलेली रोपे लोकांनी कुंपणाला खोचली होती, ती राहिली. चूक झाडाची नव्हती, जागेची होती, असा तिने निष्कर्ष काढला. मग एका संस्थेच्या मागे लागून तिने छोटा तेलघाणा चाचणीसाठी मिळवला आणि स्वतःच अट घातली: एरंड फक्त कुंपणावर. शेतात पूर्वीसारखाच मका आणि घेवडा, आलटून पालटून. घाण्यातून निघणारी पेंड खत म्हणून त्याच मातीत. तेल फडक्यातून गाळून पिंपात निवळू द्यायचे. इंजिन सुरू करताना डिझेल, मग तेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा थोडे डिझेल, नाहीतर नोझल चिकटते. शहरातून डिझेलचे कॅन वाहून आणणाऱ्यांना एवढ्या खटाटोपाचे काही वाटत नव्हते.

फोटोनंतरच्या हंगामात मात्र घाणा उपाशी पडला. नवी कुंपणे अजून कोवळी होती. संस्थेचा पर्यवेक्षक, ज्याला सगळे साहेब म्हणत, तो येऊन घाण्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसला.

“डोंगरापलीकडचे लोक घाणा मागतायत,” तो म्हणाला. “हंगाम संपताना एक ट्रॉली बी दिसलं नाही, तर मला तो हलवावा लागेल. माझ्या हातात नाही.”

दीर दाराशी उभा होता. “वहिनी, एवढा कसला विचार? माझं खालचं शेत घे. घेवडा मोडतो, सगळीकडे एरंड लावतो. लावणी दिसली म्हणजे झालं ना, साहेब?”

“लावणी दाखवता आली तर मला वर बोलता येईल,” साहेब म्हणाला.

“रोपं मिळणार नाहीत,” रोपवाली म्हणाली.

“शेत माझंय ना?”

“शेत तुझं, रोपं माझी. कुंपणाला हवी तेवढी ने, फुकट ने. शेतात एक नाही.”

“गिऱ्हाइकाला हाकलणारी दुकानदारीण आजच बघितली!”

“आणि मी आजच बघितला, डिझेलच होतं म्हणत गावभर फिरणारा आणि एरंडाला शेत द्यायला निघालेला दीर.”

साहेब हसला, पण त्याने पुन्हा विचारले. घाणा गेला तर तिच्या नावावर दुसरे अपयश लागणार होते आणि तिसऱ्यांदा तिच्यासाठी कोणी दार उघडले नसते. हे त्या शेडमधल्या तिघांनाही कळत होते. ती एवढेच म्हणाली, “बी मिळेल. शेत न मोडता मिळेल.”

दुसऱ्या दिवसापासून ती जुन्या बांधांवरून फिरू लागली. तिला जे दिसले ते कोणापासून लपलेले नव्हते, फक्त कोणी बघत नव्हते. बारा वर्षांपूर्वी खोचलेली झुडपे डोक्याइतकी वाढली होती आणि शेंगा काळ्या पडून खाली गळत होत्या. शेळ्या अडवायला झाड चालत होते. पण त्याचे बी उचलणे म्हणजे जुन्या फजितीला पुन्हा हात लावणे, म्हणून लोक वळसा घालून जात.

सगळ्यात लांबलचक कुंपण मावशीचे होते. ती नात्याने कोणाची मावशी नव्हती, सगळेच तिला तसे म्हणत. योजनेच्या वेळी तिने अख्खा घेवडा मोडला होता आणि तेव्हापासून ती रोपवालीशी बोलली नव्हती. रोपवाली सकाळी तिच्या दारात जाऊन उभी राहिली. मावशी पायरीवर बसून खुरप्याला नवी मूठ ठोकत होती.

“मावशी.”

“कोण मेलंय?” मान वर झाली नाही.

“कोणी नाही. बी मागायला आले.”

“मागच्या वेळी द्यायला आली होतीस. बरीच सुधारलीस.”

“बोला, मावशी. ऐकायलाच आले.”

“बारा वर्षांचं आहे, एका सकाळीत संपेल होय? ‘झाड उभं राहिलं की तुम्ही बसा,’ म्हणालीस. बसले ना! चुलीपुढे रिकामं भांडं घेऊन बसले. आता म्हण, योजनेनं फसवलं.”

“योजनेनं सांगितलं. पण तुमच्या दारात मी आले होते.”

ठोकणे थांबले. “आता शेत हवं असेल.”

“शेताला हात लावू नका. कोणी लावायला सांगितलं तर मला बोलवा, मी भांडायला येते. कुंपणाचं बी वाया जातंय, तेवढंच मागते.”

“तुला नाही देणार.” मावशीने मूठ हलवून बघितली. “घाण्याला देईन. माझी मी नेऊन टाकीन. तुझा हात लागता कामा नये.”

“चालेल.”

“आणि पेंड माझी.”

“जनावरांपुढे टाकू नका, विषारी असते.”

“माहितीये. तेव्हा सांगितलेल्यातलं तेवढंच खरं निघालं तुझं.”

मावशीची एकचाकी गाडी भर रस्त्यातून करकरत घाण्याकडे गेली. तिने बी उचलले म्हटल्यावर इतरांची लाज थोडी कमी झाली, असे शेजारी सांगतात. सगळे आले असे मात्र नाही. काही कुंपणे शेवटपर्यंत तशीच गळत राहिली. जमिनीवरचे बुरशी धरलेले बी रोपवालीने परत पाठवले, त्यावरून भांडणेही झाली. शेंग काळी पडली की त्याच फेरीत तोडायची, म्हणून तिने गल्लीगल्लीचे दिवस लावून दिले. दीर आधी नुसता बघत होता, नंतर कुरकुरत टोपली घेऊन आला.

हंगामअखेर साहेब आला. ट्रॉली काठोकाठ भरली नव्हती.

“वर थोडी रिकामी आहे,” तो म्हणाला.

“मग मी बसते वर, भरेल,” मावशी म्हणाली.

साहेब घाणा न हलवता परतला. एका वर्षाची मुदत मिळाली. त्या वर्षी कोणाच्याही शेतात एरंडाचे एकही रोप गेले नाही, हे बांधाबांधाने फिरून पडताळता येते. दिराच्या खालच्या शेतात घेवडा आहे आणि भोवती नवे कुंपण.

काही गोष्टी मात्र अजून माहीत नाहीत. साहेबाने न भरलेली ट्रॉली कोणत्या कारणाने मान्य केली, ते त्याने सांगितलेले नाही. सगळी कुंपणे वाढल्यावरही तिथल्या सर्व पंपांना पुरेल एवढे तेल निघेल का, आणि जुनी इंजिने या तेलावर किती वर्षे टिकतील, याचे उत्तर आज कोणाकडेच नाही. मावशी रोपवालीशी बोलते, पण बी अजूनही तिच्या हातात देत नाही. तिने तिला माफ केले आहे का, हे दोघींपैकी कोणीही सांगितलेले नाही.