शामरावजींचे मन खचल्याबाबत

विषय : श्री. शामरावजी, सेवानिवृत्त अव्वल कारकून, दारव्हा, हे दवाखान्यातून घरी आले, परंतु मन सोबत आणले नाही, याबाबत.

निवृत्तीच्या दिवशी फायली मोजून परत घेतात. किस्से कोणी मागत नाही, म्हणून ते साचतात.

*

शामरावजींच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननं हाड जुळलं, पण घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. डॉक्टर म्हणाले, "हे डिप्रेशन. या वयात, मोठ्या आजारानंतर होतं. गोळ्या द्या, चालवा, एकटं सोडू नका."

आमचा राठोड म्हणाला, "एकटं न सोडनं आपल्याले जमते. दुसरं जमतेच काय?"

आम्ही निवृत्त बाबूंनी चहाचा अड्डा त्यांच्या ओसरीवर हलवला. चहा अर्थात वैनींचा!

*

पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. शामरावजी म्हणाले, "नाही देत."

"काहून?"

"मी जिवंत हाये असं मले वाटत नाही. अन् खोट्या कागदावर म्या जन्मात सही केली नाही!"

खरंच केली नव्हती. त्यापायी पार जंगलातल्या झरी जामणीला बदली झाली, तरी केली नव्हती.

वैनी आतून आल्या. "रोज गोळ्या चारून राह्यली मी तुमाले. मेलेल्या मानसाले कोनी चारते काय?"

सही झाली.

*

मग वॉकर घेऊन कोपऱ्यापर्यंत चालणं सुरू झालं. शेजाऱ्यानं विचारलं, "बरं हाये काय, भाऊ?"

"कार्यवाही सुरू हाये," शामरावजी म्हणाले.

राठोडनं मला कोपर मारलं. "सरकारी भाषा आली. मानूस येऊन राह्यला!"

*

कापसाची ती वाईट वर्षं. गावोगाव मन तपासायची शिबिरं लागत. गोळ्यांसाठी दर वेळी जीपनं यवतमाळ गाठणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना इथल्याच शिबिरात नेलं.

टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "सातबारा आणलाय?"

"शेतीच नाही, तं सातबारा कुठून आनू?"

"मग नाव घेता येत नाही, बाबा. शिबिर फक्त शेतकऱ्यांसाठी आहे."

शामरावजी टेबलावर वाकले. "म्हंजे उदास व्हाले सातबारा लागते?"

आणि स्वतःच हसले! ऑपरेशननंतर पहिल्यांदा. इतके, की वॉकर खडखडला. रांगेतला एक शेतकरी ओरडला, "बाबूजी, माहा घेऊन जा!" मग सगळी रांगच हसली.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला : 'सातबारा नसलेल्या उदास वृद्धांकरिता दारव्हा येथे आठवड्यातून एक दिवस डॉक्टर मिळणेबाबत.' दुसऱ्या दिवशी तहसील ऑफिसात तो दिला आणि आवक क्रमांक मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

आता दर सोमवारी वॉकरशिवाय, पायी जाऊन विचारून येतात. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.